वाचणारा डोळा आणि उमजणारे मन

पुस्तक वाचताना आपली दृष्टी ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते, ही समजूत फार जुनी. ती मोडली ती मात्र पाहून नव्हे, ऐकून! पॅरिसचे नेत्रवैद्य एमील जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लामार नावाच्या सहकाऱ्याने वाचणाऱ्याच्या पापणीला नळी लावून आवाज ऐकले. १८७९ साली एवाल्ड हेरिंग या शरीरशास्त्रज्ञाने रबरी नळ्या वापरून तोच मार्ग चोखाळला. अखंड नाद कोणासच ऐकू आला नाही, सुटे सुटे ठोके तेवढे आले. डोळा ओळीवरून वाहत नाही. तो उडी मारतो, थबकतो, पुन्हा उडी मारतो. पुढील ग्रंथकारांनी या शोधाचे श्रेय एकट्या जाव्हाल यांच्या पदरात टाकले, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

मग या उड्या मोजण्याचे वेड लागले. अमेरिकेत एडमंड ह्यूई याने वाचकाच्या डोळ्यांत कोकेन घालून ते बधिर केले, बुबुळावर मध्ये भोक असलेली प्लॅस्टरची वाटी बसविली आणि तिला ॲल्युमिनियमची बारीक काडी जोडून काजळी धरलेल्या कागदावर तिच्या रेघा उमटविल्या. आज हे वाचतानाही अंगावर काटा येतो! त्याचा वाचनावरील ग्रंथ १९०८ साली निघाला. तत्पूर्वीच, १९०१ मध्ये, डॉज व क्लाइन यांनी डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची युक्ती काढल्याने वाटीची गरज संपली होती.

इंग्रजी वाचणारा सराईत वाचक एका उडीत सात ते नऊ अक्षरे ओलांडतो, सुमारे पाव सेकंद थबकतो, आणि शंभरांतील दहापंधरा उड्या मागे मारतो. १९२२ साली शिकागोच्या गाय बसवेल यांनी दाखविले की, इयत्ता वाढते तसे मुलांचे थबकणे व मागे वळणे कमी होते. येथवर ठीक होते. परंतु यावरून काही शिक्षकांनी उलटे अनुमान काढले: डोळ्यांना कवायत द्या, म्हणजे आकलन आपोआप वाढेल! ओळीचे तुकडे ठराविक गतीने दाखविणारी यंत्रे निघाली. मागे वळणे हा दोष ठरला. ताप उतरला की पारा खाली येतो, हे खरे. पण पारा झटकून कोणाचा ताप उतरला आहे काय? मायल्स टिंकर यांनी हेच पुनःपुन्हा सांगितले की, डोळ्यांची चाल हे आकलनाचे लक्षण आहे, कारण नव्हे. पण ऐकतो कोण? १९५९ साली एव्हलिन वुड यांनी पानावरून हात फिरवीत झपाट्याने वाचण्याचा वर्ग काढला, आणि तो धंदा भरभराटीस आला.

टिंकर यांच्या म्हणण्यास पुष्टी मिळाली ती संगणकामुळे. १९७५ मध्ये मॅकॉन्की व रेनर यांनी, जेथे दृष्टी पडेल तेथील अक्षरेच शाबूत ठेवून बाकीची ओळ बिघडविली. इंग्रजी वाचक डावीकडची तीनचार व उजवीकडची चौदापंधरा अक्षरे उपयोगात आणतो, असे दिसले. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या हिब्रूत हीच बाजू उलटते, असे १९८१ साली आढळले. डोळ्याची घडण दोन्हीकडे एकच. लक्ष कोठे द्यावे हे लिपीला सरावलेले मन ठरविते.

राहिला प्रश्न मागे वळण्याचा. बोट धरून अडखळणाऱ्या, ओळ पुन्हा वाचणाऱ्या किती मुलांनी त्यापायी बोलणी खाल्ली असतील! २०१४ साली रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला: डोळा पुढे सरकला की मागचा शब्द पुसला जाई; परत गेले तरी तेथे वाचावयास काही उरत नसे. वाचणारे प्रौढ, सुशिक्षित होते. तरीही त्यांचे आकलन घसरले, आणि ते केवळ अवघड वाक्यांतच नव्हे, तर सोप्या वाक्यांतही.