रोगण, नक्षी आणि महिरप

गणेशपुरीत नित्यानंदबाबांच्या समाधी मंदिराच्या आसपास हारफुलांच्या दुकानांतून बाबांच्या तसबिरी मिळतात. बाबांनी १९६१ साली देह ठेवला, म्हणजे या सगळ्या छब्या कॅमेऱ्याने टिपलेल्या. तरी चौकट बसली आणि हार चढला की आपण ‘फोटो’ न म्हणता ‘तसबीर’ म्हणतो. अरबीत तस्वीर म्हणजे रूप देणे, चित्र काढणे. फारसीच्या वाटेने हा दरबारी शब्द मराठीत आला, ‘व’चा ‘ब’ झाला आणि तो थेट देवघरात पोचला.

चित्रकलेचे आणि इमारतीचे असे कितीतरी शब्द आपण फारसीतून घेतले आणि त्यांना वेगळ्याच कामाला लावलं. मला त्यांत सर्वांत जास्त ओढ आहे ती ‘रोगण’ या शब्दाची. फारसीत रोगन म्हणजे तेल किंवा तूप. इराणात तैलचित्रणाला आजही ‘रंग-रोगन’ म्हणतात. आपल्याकडे मात्र रोगण चित्रकाराकडे राहिलं नाही, सुताराकडे गेलं. दाराला लावायचं, पाळण्याला लावायचं, ते रोगण. ‘तैलचित्र’ हा शब्द आपण संस्कृतातून वेगळा घडवला. नक्शचंही तसंच. त्यापासून फारसीत चित्रकाराला ‘नक्काश’ म्हणतात. मराठीत त्याचा नकाशा झाला आणि भूगोलाच्या तासाला गेला. नक्षी झाली आणि रांगोळीत, दागिन्यांत शिरली. ‘क्ष’मुळे ती संस्कृत घराण्यातली वाटते, इतकी आपली झाली.

तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातलं ‘तालार-ए-आईना’ हे तैलचित्र या शब्दांच्या माहेरचं. ते रंगवलं नासिरुद्दीन शाहाच्या दरबारातल्या मोहम्मद गफ्फारी या चित्रकाराने. शाह त्यात आहे, पण खिडकीशी खुर्चीत बसलेला, लहानसा. खरा नायक तो आरशांचा दिवाणखाना: झुंबरं, गालिचा, भिंतीभर काचा आणि काचांत पुन्हा तोच दिवाणखाना. शाहाने या चित्रकाराला ‘कमाल-उल-मुल्क’ हा किताब दिला. कमाल म्हणजे परिपूर्णता, मुल्क म्हणजे राज्य. मराठी वाचकाला यातलं काहीच परकं नाही. कमाल आपल्याला हवामानाच्या बातमीत रोज भेटते, आणि मुलूख तर मुलुखगिरीमुळे इतिहासात कायमचा आहे.

आईन्याचा ‘ऐना’ मराठीत आहेच, पण शनिवारवाड्यात होता तो आरसेमहाल. आरसा संस्कृत ‘आदर्श’वरून आलेला, महाल अरबी, जोडशब्द अस्सल पुणेरी. १८२८च्या आगीत वाडा जळाला. तिथला दरबार आज पाहायचा तर थॉमस डॅनियलच्या १८०५च्या तैलचित्रात. १७९०च्या तहाच्या वेळी सवाई माधवरावांसमोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट बसला आहे, असा तो प्रसंग. डॅनियलने हा दरबार डोळ्यांनी पाहिला नव्हता. पुण्यात राहून काम केलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून त्याने तो उभा केला. वेल्स १७९५मध्येच वारला होता. त्या काळच्या वाड्यांच्या खांबांना सुरूची घडण असे. सुरू म्हणजे फारसी ‘सर्व’, इराणी बागांतला उंच, निमुळता वृक्ष. आता कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं वेगळ्याच, ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या झाडाची आहेत. नाव तेवढं जुनं. दोन खांबांमधली महिरप तर मशिदीतल्या ‘मिहराब’ची. मक्केची दिशा दाखवणारा हा कोनाडा मराठीत गणपतीच्या मखरावर चढला आणि गणिताच्या वहीत महिरपी कंस होऊन बसला.

या सगळ्या देवघेवीत चित्रकाराचं जुनं नाव मात्र मराठीने सोडलं नाही. नक्काश इथे रुजला नाही, ‘चितारी’ टिकला. तो ‘चित्रकार’चा प्राकृतातून घासून आलेला अवतार. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगतात, आणि तिथल्या चिताऱ्यांच्या हातची दशावतारी गंजिफाही प्रसिद्ध आहे. गंजिफा हा शब्द फारसी, खेळही त्याच वाटेने आलेला. गोल पानं, एकूण १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराची बारा: एक्का ते दश्शी, शिवाय एक राजा आणि एक वजीर.