कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? चिपळूणला न्यायच्या आधी घरीच एवढं तपासा

बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. गुहागरात राहणाऱ्यांसाठी याचा पुढचा अर्थ बऱ्याचदा असा असतो: कॅबिनेट पोत्यात गुंडाळायचं आणि सुमारे ४५ किलोमीटरवरचं चिपळूण गाठायचं. तिथे 'मदरबोर्ड गेला' असं ऐकायची तयारी ठेवायची. पण अनेकदा बिघाड खूप छोटा असतो. तो कुठे आहे हे कळायला एकच प्रश्न पुरतो: वीज भिंतीपासून स्क्रीनपर्यंत जाताना नेमकी कुठे अडली?

काहीच हालचाल नाही: लाइट नाही, पंखा नाही

आधी कॉम्प्युटर विसरा आणि सॉकेट तपासा. त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्ज होतोय? मग यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि काही यूपीएस मेलेल्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत. दोष त्यांचा, नाव मात्र कॉम्प्युटरचं खराब. (दाभोळ वीज प्रकल्प याच तालुक्यात, अंजनवेलला आहे. तरी वादळवाऱ्यात आपल्याकडची लाइट जायची ती जातेच.)

आता कॅबिनेटची मागची बाजू बघा. केबल नीट दाबून बसवा. तिथलं छोटं स्विच 'शून्या'च्या बाजूला असेल, तर कॉम्प्युटर बंदच राहणार. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लाल स्विचही असतं. ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली तर एसएमपीएस जळतो.

तरीही ढिम्म? प्लग काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा जोडा. वीज गेल्या-आल्यानंतर अडकलेला बोर्ड यानं कधीकधी सुटतो. एवढं करूनही काही झालं नाही, तर पहिला संशय एसएमपीएसवर. तो मदरबोर्डपेक्षा बराच स्वस्त असतो आणि दुकानात दुसरा लावून लगेच तपासता येतो. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहतो.

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी

कोकणात इथे जास्त वेळ द्या. खिडकीच्या गजांना गंजवणारा खारा, दमट वारा कॅबिनेटमध्येही शिरतो आणि आतल्या जोडांवर थर धरतो. आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागली पाहिजे, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

मग रॅम. प्लग पूर्ण काढा, कॅबिनेट उघडा, आतल्या उघड्या धातूला एकदा हात लावा. दोन्ही टोकांचे खटके सोडवून रॅमची पट्टी बाहेर काढा. तिच्या सोनेरी कडेवरून मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कण झटका, आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा. साधा उपाय वाटतो, पण पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर हाच आधी करून बघावा.

झाकण उघडलंच आहे तर आत नजर फिरवा. उबेला आलेल्या मुंग्या, एखादी पाल, वरून फुगलेले कपॅसिटर? फुगलेला कपॅसिटर दिसला तर पुढचं काम तंत्रज्ञाचं.

बीप ऐकू येत असतील तर मोजा: किती, लांब की आखूड. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, म्हणून मदरबोर्डचं नाव बघून शोधा.

लोगो येतो, पुढे जात नाही

म्हणजे वीज, रॅम आणि स्क्रीन बहुधा ठीक आहेत. तारीख-वेळ प्रत्येक वेळी जुनी दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. 'नो बूटेबल डिव्हाइस' असं दिसलं तर पेनड्राइव्ह काढून बघा, मग डिस्कच्या केबल्स.

आत पाणी गेलं असेल तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पुराचं असो की छपरातून गळलेलं, पाणी शिरलेला कॉम्प्युटर 'चालतोय का बघू' म्हणून अजिबात सुरू करू नका. ओल असताना वीज दिली की शॉर्ट होतं, आणि वाचू शकणारे भागही जातात. सॉकेट ओलं असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच प्लगला हात लावा. बुडालेली हार्ड डिस्क घरी जोडून बघू नका, ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

दुकानात नेताना

कॉम्प्युटर मेला म्हणजे फोटो आणि दुकानाचा हिशेब गेला, असं नसतं. ते डिस्कवर असतात, आणि एसएमपीएस किंवा रॅम गेल्यानं डिस्क सहसा बिघडत नाही. पण 'विंडोज नव्याने टाकू' याला नुसता होकार दिला तर ते पुसले जाऊ शकतात. म्हणून कॅबिनेट देतानाच सांगा: डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, डेटाची कॉपी घ्या, फॉरमॅट त्यानंतर. आणि पावतीवर 'डेटा ठेवायचा आहे' असं लिहून घ्या.