विषाणूवाहक आणि स्तनकर्करोगाचा प्रसार

विषाणूवाहक : स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमता काढून घेतलेला, पण पेशीत शिरून जनुक पोहोचवण्याचे कसब शाबूत असलेला विषाणू. स्तनकर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत, तर रोग हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत पसरल्याने होतात. त्यामुळे हे पसरणे कोणत्या जनुकांवर अवलंबून असते, हा कळीचा प्रश्न आहे, आणि तो तपासण्याचे एक साधन म्हणजे विषाणूवाहक.

या विषयाची मुळे जुनी आहेत आणि ती महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले. त्यामागे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली उंदरांतील स्तनकर्करोगाचाच अभ्यास केला आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या संशोधिकेचे नाव मराठी घरांत जितके माहीत असायला हवे तितके नाही, याची खंत वाटते. ऊतिसंवर्धनाने पेशी काचपात्रात जगवता आल्या नसत्या, तर पुढचे काहीच शक्य नव्हते.

प्रयोग असा चालतो. विषाणूचे घटक वेगवेगळ्या डीएनए-कड्यांवर विभागून वाहक तयार करणाऱ्या पेशींत सोडतात. दोनेक दिवसांत वरच्या द्रवात वाहक जमा होतात, तो द्रव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून कर्करोगाच्या पेशींवर घालतात. प्युरोमायसिन या औषधाने जनुक न पोहोचलेल्या पेशी मरतात; उरलेल्या उंदरात सोडतात. सोबत काजव्याचे ल्युसिफरेज जनुक दिले असेल, तर उंदराला ल्युसिफेरिन टोचल्यावर पसरलेल्या पेशी मंद प्रकाश देतात आणि संवेदनशील कॅमेरा तो टिपतो. उंदीर न मारता रोगाची वाटचाल आठवडेच्या आठवडे पाहता येते.

२००४ मध्ये जिंग यांग, सेंदुराय मणी, रॉबर्ट वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशाच विषाणूवाहकाच्या मदतीने उंदराच्या '४टी१' या स्तनकर्करोग-पेशींतले 'ट्विस्ट' जनुक दाबले. स्तनातली गाठ वाढतच राहिली, फुप्फुसातला प्रसार मात्र घटला. गाठ वाढणे आणि रोग पसरणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे यातून लख्खपणे दिसले.

मर्यादाही आहेत. मानवी पेशी सहसा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरातच रुजतात. म्हणून शरीराचा प्रतिकार प्रसाराला कसा अडवतो, हे तिथे नीट तपासता येत नाही. 'एमडीए-एमबी-२३१' ही अशीच बहुवापराची मानवी पेशीमालिका, एका स्त्रीरुग्णाच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून मिळवलेली. भारतातील प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीभांडारातून मिळतात.