बडोद्याची पुस्तकपेटी आणि आपण

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकराच्या घरात पहिले संकट ओढवते ते पुस्तकांवर. भांडी लागतात, अंथरूण-पांघरूण लागते, मुलांची दप्तरे तर लागतातच. पुस्तकांच्या बाबतीत मात्र, 'ही सगळी न्यायलाच हवीत का?' हा प्रश्न घरातून हमखास विचारला जातो. त्याचे समाधानकारक उत्तर निदान मला तरी अद्याप सापडलेले नाही. दोन बदल्यांत माझा संग्रह निम्म्यावर आला. तेव्हापासून नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोन गोष्टींचा तपास करतो: दूध कोठे चांगले मिळते, आणि सार्वजनिक ग्रंथालय कोठे आहे.

त्या ग्रंथालयात शिरल्यावर कादंबऱ्यांच्या कपाटाकडे मी प्रथम वळत नाही. कादंबरी शेजाऱ्याकडून मिळते, प्रवासात सोबत्याकडून मिळते, रेल्वे स्टेशनवरही विकत घेता येते. खरी अडचण असते ती ज्ञानाच्या पुस्तकांची. इतिहास, चरित्र, अर्थशास्त्र, विज्ञान या विषयांवरील चांगले पुस्तक महाग असते, जाड असते, आणि पुष्कळदा आयुष्यात एकदाच वाचायचे असते. पण ते एकदा वाचणे अगत्याचे असते. शिवाय अशी पुस्तके लवकर जुनी होतात. नवी कागदपत्रे उजेडात आली, नवे संशोधन झाले, की कालचा निष्कर्ष आज तपासून पाहावा लागतो. म्हणून कारकुनाच्या पगारात बसणारा शहाणपणाचा मार्ग एकच: अशी पुस्तके नवी असतानाच ग्रंथालयातून घरी आणावी, वाचावी आणि मुदतीत परत करावी.

ही सोय आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास आहे याचा विसर पडतो. आणि त्या इतिहासातील एक मोठे प्रकरण महाराष्ट्राबाहेर, एका मराठी राजाच्या दरबारी घडले.

आपल्याकडे वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. त्या काळातील अशा बहुतेक संस्था 'नेटिव जनरल लायब्ररी' या धाटणीच्या होत्या. गावातील चार शिकलेली माणसे एकत्र येत, वर्गणी काढीत, वृत्तपत्रे व पुस्तके मागवीत आणि वर्गणीदारांनी ती वाचावी अशी व्यवस्था असे. पुढे १८९३ मध्ये ठाण्यास आणि १८९८ मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. ठाण्याच्या संस्थेच्या संस्थापकांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे होते. मराठीत छापले गेलेले पुस्तक नष्ट होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. 'संग्रहालय' या शब्दातच ती तळमळ दिसते. या संस्थांचे ऋण न फिटणारे आहे. तथापि, वर्गणी देण्याची ऐपत नसलेल्या माणसाचे काय, आणि जेथे चार शिकलेली माणसे एकत्र येण्याचा संभवच नाही अशा खेड्याचे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे वर्गणीच्या पैशातून निघण्यासारखी नव्हती.

ते उत्तर शोधले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. पण शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे काहीच वाचावयास पडले नाही, तर शिकलेले अक्षर दोन-चार वर्षांत पुसून जाते. शाळेवर झालेला खर्च पाण्यात जाऊ द्यायचा नसेल तर शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय गेले पाहिजे, हा सरळ व्यवहारी हिशेब होता. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये महाराजांनी पाहिली, आणि १९१० मध्ये न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन तेथे १९१३ पर्यंत होते. तेवढ्या अवधीत त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे केले, ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग काढला आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह या ग्रंथालयास दिला. राजाच्या दिवाणखान्यातील पुस्तक प्रजेच्या घरी जाऊ लागले, आणि तेही वाचकाने कपाटापुढे उभे राहून, स्वतःच्या हाताने चाळून निवडलेले.

शहराबाहेरची योजना तर अधिकच विचारपूर्वक आखलेली होती. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच संस्थानाने. म्हणजे गावाने एक रुपया उभा केला की त्याचे तीन होत. जेथे एवढेही शक्य नव्हते तेथे फिरती ग्रंथालये जात. निवडक पुस्तके भरलेली लाकडी पेटी मध्यवर्ती ग्रंथालयातून खेड्यात जाई, काही काळ तेथे राही आणि परत येई. मग तिच्या जागी दुसरी जाई. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी जादूचा कंदील आणि चित्रे दाखविणारी एक शाखा होती. बायकांसाठी व मुलांसाठी निराळी व्यवस्था होती. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयशास्त्राचे त्रैमासिक बडोद्याहून निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत.

परंतु पेटीत घालायचे काय? काव्य, नाटके व कादंबऱ्या होत्या. शेती, आरोग्य, इतिहास, यंत्रे, राज्यकारभार यांवरील नवी पुस्तके देशी भाषांत फारशी नव्हतीच. तेव्हा ती लिहवून घेण्याचाही भार महाराजांनी उचलला. १९१२ मध्ये त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून पुढे 'श्रीसयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठी 'श्रीसयाजी बालज्ञानमाला' या माला चालल्या, आणि मराठीत व गुजरातीत नाना विषयांवरील पुस्तके प्रसिद्ध झाली. पुस्तक लिहवून घेणे, ते गावापर्यंत पोहोचविणे आणि वाचकाला फुकट घरी नेऊ देणे, या तिन्ही कड्या एकाच साखळीत जोडणारी दुसरी योजना त्या काळच्या हिंदुस्थानात मला तरी दिसत नाही.

बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आपणां मराठी माणसांना बडोद्याच्या या कथेतील एक व्यक्ती विशेष जवळची वाटावी. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम. मॅकिआव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले ते महाराजांच्याच सांगण्यावरून. राजपुत्रांना इतिहास शिकविताना मराठीत धड पुस्तक नाही हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी टिपणे काढण्यास आरंभ केला, आणि त्या टिपणांतूनच 'रियासत' जन्मास आली. ज्या ग्रंथमालेने मराठी माणसाला त्याचा राजकीय इतिहास सलगपणे सांगितला तिचा पाया असा पुण्यात नव्हे, तर नोकरीच्या गावी, नोकरीतून उरलेल्या वेळात घातला गेला. 'बाहेरगावी राहून काय वाचन होणार?' असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण एकवार आठवून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर हा धागा दिल्लीत पुन्हा हाती घेतला गेला. सार्वजनिक ग्रंथालय ही लोकशाहीची गरज आहे असे युनेस्कोने १९४९ च्या आपल्या जाहीरनाम्यात सांगितले, आणि अशा ग्रंथालयाचा नमुना घालून देण्यासाठी पहिली निवड दिल्लीची झाली. पुढे कोलंबियातील मेदेयीन व नायजेरियातील एनुगू येथेही असे प्रयोग झाले. २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन झाले. जागा जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनासमोरची. फाळणीने घरदार गमावलेली माणसे लाखांनी त्या शहरात येऊन राहिली होती. त्यांच्या सामानात पुस्तके असण्याची शक्यताच नव्हती. अशा शहरात वर्गणी न घेता कोणासही पुस्तक घरी नेऊ देणारे ग्रंथालय उभे राहिले, याचा अर्थ आपल्यासारख्या बदल्यांवर फिरणाऱ्यांना फोड करून सांगायला नको. १९५३ पासून तर त्याची मोटार पुस्तके घेऊन वस्त्यांपर्यंत जाऊ लागली. बडोद्याच्या पेटीला चाके लागली म्हणा ना!

कायदेही झाले. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने, तर १९४८ मध्ये मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासच्या कायद्यामागे डॉ. रंगनाथन यांचे परिश्रम होते, आणि त्यात घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला. त्यात उपकर नाही, लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना श्रेणीनुसार अनुदान आहे. म्हणजे आपल्याकडे वर्गणीची जुनी परंपरा कायद्यातही टिकून राहिली. एक केंद्रीय कायदा मात्र परगावच्या मराठी वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावा. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकावर असे बंधन घातले की, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्याची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावी. ती तीन म्हणजे मुंबईचे टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय, मद्रासचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. कसूर झाल्यास मूळ कायद्यात पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय पुस्तकाची किंमत! पुण्याच्या पेठेत छापलेला इतिहासग्रंथ कलकत्त्यास व मद्रासेस गेलाच पाहिजे, असा हा हुकूम आहे. त्याची तामिली सर्वत्र चोख होते असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या भाषेतील नव्या पुस्तकाला देशभर चार घरे नेमून दिलेली आहेत, हे विसरता कामा नये.

राजाने पैसा दिला, राष्ट्राने इमारत दिली, संसदेने कायदा दिला. तरी एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही हुकुमाने होत नाही. ती मला एका साध्या प्रसंगाने कळली.

उत्तरेकडील ज्या शहरी मी काही वर्षे होतो तेथे मराठी मंडळींच्या एका संस्थेची दोन कपाटे पुस्तके होती. जागा अपुरी पडू लागली तेव्हा समितीपुढे ठराव आला: गेल्या पाच वर्षांत जे पुस्तक एकदाही बाहेर गेलेले नाही ते काढून टाकावे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जागेची अडचण खरी होती. यादी करण्याचे काम कारकून म्हणून अर्थातच माझ्याकडे आले. यादीत कादंबरी एकही निघाली नाही. निघाले ते रियासतीचे खंड, काही चरित्रे, अर्थशास्त्राची व विज्ञानाची पुस्तके. पुस्तकाच्या शेवटी तारखेचा शिक्का मारण्यासाठी चिकटवलेली चिठ्ठी एकामागून एक कोरी दिसत गेली. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर माझेही नाव नव्हते, याची मला लाज वाटली.

आम्ही चौघांनी समितीकडून वर्षाची मुदत मागून घेतली आणि दर पंधरवड्यास प्रत्येकी एक पुस्तक नेण्याचे ठरविले. खोटे कशाला सांगू, पहिला महिनाभर मी पुस्तकांची केवळ ने-आण केली, ती शिक्क्यासाठी. पण रोज उशाशी दिसणारे पुस्तक किती दिवस बंद राहणार? आमच्यातील हिशेब खात्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी पानिपतचे प्रकरण वाचून काढले आणि विचारले, 'यानंतर या विषयावर कोणी काही लिहिलेच नाही का?' शेजवलकरांचे १९६१ चे पुस्तक आमच्या कपाटात नव्हते. त्यांनी मागणीच्या वहीत ते लिहिले. त्याखाली दुसऱ्याने अलीकडचे एक चरित्र लिहिले. वही भरू लागली तशी समितीलाही खरेदीची दिशा मिळाली. वर्षअखेरीस ठराव पुन्हा चर्चेस आला नाही. त्या वर्षीच्या खरेदीत मात्र ज्ञानाची तीन नवी पुस्तके होती.

तेव्हापासून मी असे मानतो की, ग्रंथालयात नवे पुस्तक येते ते जुन्या पुस्तकावरील शिक्क्यांच्या पुण्याईने. ग्रंथपाल मागणी पाहतो, समिती आकडे पाहते, आणि आपण घरी बसून 'आमच्या ग्रंथालयात काही चांगले येतच नाही' असे म्हणतो. बडोद्याच्या खेड्यातील माणूस पेटीची वाट पाही. आपल्यापुढे कपाट उघडे आहे. वाट पाहणारा असेल तर तो त्यातील ग्रंथ आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या शनिवारी कचेरी सुटल्यावर आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे पावले वळवा. कादंबरी अवश्य घ्या, पण तिच्या जोडीला ज्ञानाचे एक पुस्तक घ्या. ते किती साली छापले आहे ते पाहा. त्यानंतरचे नवे पुस्तक हवेसे वाटले तर मागणीच्या वहीत स्वच्छ अक्षरात नाव लिहा. आपली बदली होईल, आणि ते पुस्तक आपण गेल्यावर येईल, असेही होईल. होऊ द्या. आपल्या मागे त्या गावी बदलून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ते पडेल. आपण आज जे वाचतो तेही आपल्याआधी बदली होऊन गेलेल्या कोणीतरीच मागवलेले असते.