सागाचा मान, जवसाचे काम

मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याच्या देखरेखीखाली 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे दुरुस्त होऊन उभी आहे. श्रेय सहसा मलबारी सागाला मिळते. पण लाकूड कोणते निवडले, इतक्यावर जहाज टिकत नाही. सांध्यांत भरायची लांबी आणि वरचा रंग यांचा हिशेबही मांडावा लागतो, आणि त्यात पुढे वर्ध्याच्या काळ्या मातीचा वाटा येतो. 1862 साली जिल्हा झालेला हा प्रदेश जवसाचा. 1867 पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि मध्य प्रांतातले जवस मुंबईच्या वाटेने युरोपातल्या घाण्यांना जाऊ लागले. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणूनच ते खडूच्या पुडीत मळून लांबी होते, रंगात मिसळून पापुद्रा धरते.

यावर कुणी म्हणेल, सागात तेल मुळातच असते, मग वरून कशाला? गाभ्याच्या लाकडापुरते ते खरे. बाहेरच्या पांढऱ्या थराला कीड लागतेच, तो दुरुस्तीत वापरूच नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: नुसते जवसाचे तेल दमट हवेत काळवंडते, त्यावर बुरशी धरते. कोकणातले नावाडी माशाचे तेल लावत, तेही काही वेडेपणाने नव्हे. तेव्हा उघड्या फळीवर जवस नको. लांबी आणि रंग यांतच त्याची जागा.