पेलेट: माशांचं खाद्यच जेव्हा आमिष होतं, ब्रिटनच्या तळ्यांवर ते कसं वापरतात?

गळाला लागलेला मोठा मासा, शेजारी हसरा चेहरा, दोन-तीन फोटो आणि मग मासा अलगद परत पाण्यात. ब्रिटनमधल्या तळ्यांवरच्या अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. नीट पाहिलं तर फ्रेमच्या एका कोपऱ्यात तपकिरी गोळ्यांनी भरलेला डबा दिसतो. कुत्र्या-मांजरांच्या कोरड्या खाण्यासारख्या दिसणाऱ्या या गोळ्या म्हणजेच पेलेट.

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. ब्रिटनच्या अनेक तळ्यांवर तीच जागा आज पेलेटने घेतली आहे. पण हे आमिष जितकं प्रभावी, तितकंच ते बेतानं वापरावं लागतं. कारण पकडलेला मासा जिवंत परत सोडायचा, हा या खेळाचा पाया आहे. प्रमाण चुकलं तर ज्या पाण्यात मासा सोडायचा, तेच पाणी बिघडतं.

कोर्स फिशिंग म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचे ढोबळमानाने दोन गट मानतात. सॅमन आणि ट्राउट हे 'गेम फिश'. कार्प, ब्रीम, रोच, टेंच, बार्बेल, चब, पर्च, पाइक असे बाकीचे बहुतेक मासे 'कोर्स फिश'. गेम फिश परंपरेने खाण्यासाठी पकडले जात आले आहेत. कोर्स फिश मात्र आज सहसा खाण्यासाठी पकडले जात नाहीत. ते पकडायचे, मोजायचे आणि सोडून द्यायचे.

यातला कॉमन कार्प महाराष्ट्राला अनोळखी नाही. आपल्या तलावांमध्ये आणि शेततळ्यांमध्ये 'सायप्रिनस' या नावाने ओळखला जाणारा मासा तो हाच. रोहू आणि कटलाही त्याच कुळातले.

पेलेट आलं कुठून?

पेलेट मुळात आमिष म्हणून बनलंच नव्हतं. ते मत्स्यशेतीतलं खाद्य आहे. माशांची पूड, गहू किंवा सोयाबीनचं पीठ आणि तेल एकत्र करून, वाफ आणि दाब देऊन त्याच्या गोळ्या पाडतात. ट्राउट पाळणाऱ्यांसाठी बनलेल्या या गोळ्या गळ टाकणाऱ्यांनी उचलल्या. पुढे हॅलिबट या समुद्री माशाच्या शेतीसाठी बनलेल्या, जास्त तेलकट गोळ्याही तळ्यांवर आणि नद्यांवर पोहोचल्या.

यामागे साधं कारण आहे. ब्रिटनमध्ये पैसे भरून मासे पकडण्यासाठी खास खोदलेली अनेक तळी आहेत. त्यांना 'कमर्शियल फिशरी' म्हणतात. तिथे सोडलेले बरेच मासे लहानपणी अशाच खाद्यावर वाढलेले असतात. त्यामुळे पेलेट त्यांच्या ओळखीचं असतं. शिवाय भिजताना त्यातून विरघळणारी प्रथिनं पाण्यात पसरतात. कार्पच्या ओठांवर आणि मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याला खाण्याचा माग लागतो.

पेलेटचे मुख्य प्रकार कोणते?

• मायक्रो पेलेट: साधारण 1 ते 2 मिलिमीटरचे बारीक दाणे. हे गळाला लावत नाहीत, मासे जमवण्यासाठी चारा म्हणून टाकतात.

• हार्ड पेलेट: कडक आणि बुडणारे. 4, 6, 8 मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या आकारात मिळतात. चारा म्हणूनही चालतात आणि गळावरही.

• एक्सपांडर: आत हवा असलेले, फुललेले दाणे. कोरडे असताना तरंगतात. भिजवून मऊ केले की थेट गळात ओवता येतात.

• हॅलिबट पेलेट: गडद रंगाचे आणि तेलकट. नदीतल्या बार्बेलसाठी आणि मोठ्या कार्पसाठी लोकप्रिय.

भिजवायचे कसे?

मायक्रो पेलेट डब्यात घेऊन ते बुडतील इतकं तळ्यातलं पाणी ओतायचं. एक-दोन मिनिटांनी पाणी पूर्ण निथळून टाकायचं आणि डबा पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा. दाणे उरलेला ओलावा शोषून घेतात आणि चिकट होतात. मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर तो सुटला, की काम झालं. मोठ्या दाण्यांसाठी मिलिमीटरमागे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक कंपनीचे दाणे वेगळे वागतात, म्हणून आधी मूठभर भिजवून पाहणं बरं.

एक्सपांडरसाठी वेगळी युक्ती आहे. हवा काढणाऱ्या छोट्या पंपाच्या डब्यात दाणे आणि पाणी घ्यायचं आणि पंप ओढायचा. दाण्यांमधली हवा बाहेर येते. दाब सोडला की त्या जागी पाणी शिरतं. तरंगणारा दाणा मऊ होऊन बुडू लागतो.

कडक दाणा गळाला लावतात कसा?

कडक पेलेटमध्ये गळ खुपसला तर ते फुटतं. त्यावरचे दोन उपाय रूढ आहेत. पहिला 'बेट बँड', म्हणजे दाण्याभोवती बसणारी रबराची बारीक कडी. दुसरा 'हेअर रिग'. यात आमिष गळावर नसतं, तर गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर लोंबत असतं.

कार्प खाणं तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि संशय आला तर थुंकून टाकतो. आमिष गळाबाहेर असलं की गळाचं टोक उघडं राहतं आणि थुंकताना ओठात रुततं. या रचनेचं श्रेय लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या इंग्रज मासेमारांना दिलं जातं. सुरुवातीच्या प्रयोगात माणसाचा केस वापरला गेला, म्हणून नावात 'हेअर' आहे.

कमर्शियल तळ्यांवर बहुतेक ठिकाणी उलटा काटा नसलेले गळच चालतात. असा गळ माशाच्या तोंडातून लवकर निघतो आणि जखम कमी होते.

'मेथड फीडर' कशासाठी?

आमिष एकीकडे आणि चारा दुसरीकडे पडला, तर मासा चारा खाऊन निघून जातो. मेथड फीडर ही अडचण सोडवतो. ही वजन लावलेली चपटी जाळीदार चौकट असते. भिजवलेले मायक्रो पेलेट साच्यात भरून त्यावर दाबतात. फीडरपासून गळापर्यंतचा तंगूस साधारण 10 सेंटिमीटरच असतो, त्यामुळे गळावरचं पेलेट चाऱ्याच्या ढिगातच किंवा अगदी जवळ पडतं. तळाशी गेल्यावर चारा हळूहळू सुटतो आणि मासा तो टिपता टिपता आमिषापर्यंत येतो.

दाणे फार ओले राहिले तर ढीग सुटत नाही. फार कोरडे असले तर फेकतानाच उडून जातो. म्हणूनच भिजवण्यावर एवढा भर.

फीडर वापरायचा नसेल तर बेचकीने कडक दाणे पाण्यात उडवतात. तेव्हाही एकदम ओंजळभर टाकण्यापेक्षा दर मिनिटाला चार-पाच दाणे टाकणं फायद्याचं. मासे एका जागी रेंगाळतात, पण पोट भरत नाही.

जास्त टाकलं तर काय होतं?

खरा प्रश्न इथे आहे. समजा, एका तळ्यावर 20 जणांनी दिवसभरात प्रत्येकी 2 किलो पेलेट टाकलं, तर दिवसाला 40 किलो होतात. मासे सगळं खात नाहीत. उरलेलं तळाशी कुजतं आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. प्रथिनं कुजली की अमोनिया तयार होतो. खाद्यातल्या फॉस्फरसमुळे शेवाळ वाढतं.

उन्हाळ्यात धोका वाढतो. 10 अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. 25 अंशांना हे प्रमाण सुमारे 8 मिलिग्रॅमवर येतं. नेमक्या याच काळात माशांची भूक आणि ऑक्सिजनची गरज जास्त असते. शेवाळही रात्री ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वात कठीण जाते.

हिवाळ्यात अडचण वेगळी. मासे थंड रक्ताचे असतात. पाणी 10 अंशांच्या खाली गेलं की कार्पची भूक आणि पचन दोन्ही मंदावतात. म्हणून थंडीत तेलकट हॅलिबट पेलेट टाळून कमी तेलाचे, लहान दाणे थोडेच टाकण्याचा सल्ला दिला जातो.

मग पेलेटवर सरसकट बंदी का नाही? कारण माशांची गर्दी असलेल्या तळ्यात नैसर्गिक किडे-अळ्या पुरत नाहीत. गळ टाकणाऱ्यांनी टाकलेला चारा हा तिथल्या माशांच्या आहाराचा भाग असतो. त्यामुळे खाद्य किती, याइतकंच ते कोणतं, हेही महत्त्वाचं ठरतं. याच कारणाने अनेक तळ्यांवर फक्त तिथल्याच दुकानातलं पेलेट वापरण्याची अट असते. यातून तळ्याच्या मालकाची कमाई होते हे खरं, पण पाण्यात काय जातंय यावर त्याचं नियंत्रणही राहतं.

नियम काय आहेत?

नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये असलेल्या कुणाला हा छंद करून पाहायचा असेल, तर आधी परवाना घ्यावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी 'रॉड लायसन्स' लागतं. 13 ते 16 वयोगटाला ते मोफत मिळतं. परवान्याशिवाय पकडलं गेल्यास 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तळ्याच्या मालकाची परवानगी किंवा दिवसाचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं.

तिथल्या नद्यांमध्ये 15 मार्च ते 15 जून या काळात कोर्स फिश पकडायला बंदी आहे. बहुतेक कोर्स फिशचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण याच सुमाराला असतो. बहुतेक तळ्यांना हा नियम लागू नाही, पण त्यांची स्वतःची नियमावली असते. कोणतं पेलेट चालतं आणि दिवसाला किती किलो चालतं, हे सहसा फलकावरच लिहिलेलं असतं.

डबा उघडण्याआधी तो फलक वाचावा. आणि संध्याकाळी डब्यात दाणे उरले, तर ते पाण्यात ओतून न देता घरी न्यावेत.