धातूची दांडी

ज्या घरांत तंबोरा आहे त्या घरांत पावसाळा काय करतो हें सांगावयास नको. लांकूड ओल पितें, आणि काल लाविलेला षड्ज आज जागेवर नसतो. गिटारीचें दुखणें याहून थोडें निराळें. तिच्या सहा पोलादी तारांची एकवटलेली ओढ सुमारें ८० किलोपर्यंत जाते, आणि लांकडाची सडपातळ दांडी ती सोसतां सोसतां धनुष्यासारखी वांकते. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यानें दांडीच्या पोटांत पोलादी सळई घालण्याची युक्ति काढली; १९२३ सालीं तिचें पेटंट झालें. मग सबंध दांडीच धातूची कां नसावी?

तशी ती झालीही. लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३२ मध्यें विजेवर चालणारी गिटार बाजारांत आणिली, ती दांडीसह एकसंध ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. रिकेनबॅकरच्या कारखान्यांत धातूचेंच काम चाले, तेव्हां यांत नवल नाहीं. तारांचें कंपन लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें यांच्या योगें विजेंत उतरे. त्यामुळें नाद वाढविणारी पोकळ पेटी लागेना. वाटोळें लहान अंग, लांब दांडी. लोकांनीं नांव ठेविलें ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे आपला दांड्याचा तवा! ती मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी तुकडा फिरवीत वाजवीत. त्याच हवाईयन रीतीनें पुढें ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारीवर आपले राग वाजविले.

परंतु एक विघ्न उभें राहिलें. उष्णतेनें धातु प्रसरण पावतो, हें आम्ही शाळेंत गोळा व कडें घेऊन मुलांस दाखवीत असूं. अ‍ॅल्युमिनियम तर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतें. रंगमंचावरील दिव्यांखालीं वाद्याचें अंग व तारा सारख्या प्रमाणांत वाढेनात, आणि सूर ढळे. १९३५ मध्यें त्याच कंपनीनें बॅकेलाइटचीं वाद्यें काढिलीं, त्याचें हें एक कारण. ओलीचें भय टळलें, पण कारागीर आगींतून निघून फुफाट्यांत पडला.

तरी मोह सुटला नाहीं. इटलींत काव्रियागो गांवीं अंतोनियो पिओली यानें १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीच्या, चमत्कारिक आकारांच्या गिटारी केल्या. त्यांचें नांव ‘वांद्रे’. मुंबईकर श्रोत्यांनीं दचकूं नये.

या कल्पनेचा मुळापासून विचार केला तो मात्र कॅलिफोर्नियांतील ट्रॅव्हिस बीन यानें, १९७४ च्या सुमारास. त्याची दांडी भरीव अ‍ॅल्युमिनियमांतून कोरून काढलेली असे व ती लांकडी अंगांतून थेट घोडीपर्यंत जाई. कंपन टिपणारीं चुंबकी वेटोळींही तिच्यावरच बसविलेलीं. तारेचीं दोन्ही टोकें एकाच धातूवर, म्हणून तिचें कंपन लांकडांत कमी मुरे आणि स्वर लांबे. सतारीची आस ज्यांना प्रिय आहे त्यांना याचें मोल कळेल. वाद्य जड होई आणि थंडींत दांडी हाताला गार लागे, हेंही खरें. बीनचा एक भागीदार गॅरी क्रेमर यानें वेगळें होऊन जी कंपनी काढिली, तिनें दांडीच्या पाठीस लांकडाच्या पट्ट्या बसवून ही तक्रार पुष्कळशी मिटविली. तथापि १९८० नंतर थोड्याच काळांत तिनेंही लांकूड पत्करलें.

बीनचा कारखाना १९७९ सालींच बंद पडला. मला विचाराल तर त्याचें शास्त्र खोटें नव्हतें. वादकांच्या हाताला शतकानुशतकें लांकडाची संवय, ती पांच वर्षांत कशी सुटावी? ज्यांची सुटली त्यांनीं मात्र तें वाद्य सोडिलें नाहीं. शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनी यानें अनेक वर्षें बीनचीच गिटार वाजविली, आणि तीही पट्टा खांद्यावर न घेतां कमरेला बांधून. तो २०२४ सालीं वारला.